तामोच्या आईच्या कोंबड्या

बूसल्हामची बायको तामो फेब्रुवारीत समुद्रापलीकडे स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेली. आमच्या भागातून दरवर्षी बायका जातात. नेणारेही मोठे हुशार, ज्यांची लेकरं लहान आहेत अशाच बायका निवडतात. लेकरं मागे असली की बाई परत येणारच, असा त्यांचा हिशेब. म्हणजे घरात जिच्यावाचून पान हलत नाही, नेमकी तीच उचलून न्यायची. मला विचाराल तर या हुशारीबद्दल माझ्या तोंडून चांगला शब्द निघायचा नाही.

मागे उरला बूसल्हाम, तीन लेकरं, एक गाढव, आणि तामोच्या अकरा कोंबड्या व एक कोंबडा.

लेकरांचं काय करायचं ते त्याला थोडंफार ठाऊक होतं. थोरली इकराम नऊ वर्षांची, शाळेत जाणारी. मधला झुहेर पाच वर्षांचा, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. धाकटी बुतैना दोन वर्षांची, आई गेल्यापासून बापाच्या पायाला चिकटलेली. पण कोंबड्या? आमच्याकडे कोंबड्या म्हणजे बायकांचं राज्य. अंडी त्यांची, पिल्लं त्यांची, बाजारात विकून आलेला पैसाही त्यांचा. पुरुषाचा कोंबडीशी संबंध दोनच वेळा, कापताना आणि खाताना. बायका कोंबडी कापत नाहीत. नवरा घरात नसला तर बाई एका हातात कोंबडी आणि दुसऱ्या हातात सुरी घेऊन दारात उभी राहते आणि वाटेने जाणाऱ्या कुणाही पुरुषाला हाक मारते. तो थांबतो, बिस्मिल्ला म्हणतो, सुरी फिरवतो आणि आपल्या वाटेने जातो. तेवढंच त्याचं काम.

आणि या तर साध्या कोंबड्या नव्हत्या. तामो लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने निरोप देताना तिच्या काखेत एक तांबडी कोंबडी दिली होती. मानेवर एकही पीस नसलेली, उघड्या मानेची. अंगणातली सगळी पिलावळ त्या एकीची. आई पुढे वारली. तिचा एक फोटोसुद्धा तामोपाशी नव्हता. होत्या त्या उघड्या मानेच्या कोंबड्या. खुराड्यापाशी बसून तामो त्यांच्याशी बोलायची ते आईशी बोलल्यासारखंच.

निघताना ती रडली नाही. बस यायच्या आधी एवढंच म्हणाली, "लेकरं अल्लाच्या भरवशावर सोडते. कोंबड्या तुमच्या."

"म्हणजे अल्लापेक्षा माझ्यावर जास्त भरवसा?" बूसल्हामने थट्टा केली.

"नाही हो. लेकरं भूक लागली की बोंबलतात तरी. कोंबड्या मुकाट्यानं मरतात," तामो म्हणाली आणि बसमध्ये चढली.

त्या दिवसापासून बूसल्हामच्या नाकी नऊ आले. उजाडायच्या आत उठायचं, कणीक मळायची, कोंडा भिजवायचा. कोंडा ओलसर हवा, पातळ नको. पातळ झाला की कोंबड्यांना ढाळ लागते, असं तामो बजावून गेली होती. तो रोज पातळच व्हायचा. मग वरून आणखी कोंडा, मग आणखी पाणी. तेवढ्यात बुतैना रडत यायची, झुहेरची चप्पल हरवलेली असायची आणि इकराम हातात फणी घेऊन उभी राहायची.

"बा, तू वेणी घालतोस की गाढवाचा दोर वळतोस? बाई हसतात मला शाळेत."

"बाईंना म्हणावं, तुम्ही घाला."

सगळं आवरून बुतैनाला गाढवगाडीत पुढ्यात बसवायचं आणि गाढव हाकत गवताच्या खेपा करायच्या. दुपारी परत. तोवर कोंबड्यांनी पाण्याचा डबा उलटा केलेला असायचा, पुदिना उकरलेला असायचा आणि एखादी कुठंतरी निवडुंगाच्या कुंपणात अंडं घालून बसलेली असायची. काटे टोचून घेत तो अंडं काढायचा. हा माणूस पूर्वी बोलका होता, बरं का. कॅफेत बसला की चार माणसांना हसवायचा. आता तिकडे गेलाच तर पत्ते खेळणारे ओरडायचे, "आला आला, घरकोंबडा आला!" पहिल्यांदा तो हसला. पुढे त्याला हसायचंही जिवावर यायला लागलं. घरी यायचा, भिंतीला पाठ टेकायचा आणि चहाचा पेला हातात तसाच राहून गार व्हायचा. दमला होता बिचारा, दुसरं काय.

शेजारीण मन्नाना खाला. विधवा बाई, एकुलता एक मुलगा टँजियरला. जीभ अशी की सुरीची गरज नाही. तिच्याकडे चार कोंबड्या होत्या, त्याही तामोच्याच वाणाच्या. मागच्या साली तामोने तिच्या खुडूक कोंबडीखाली आपली अंडी बसवायला दिली होती. कुंपणावरून मन्नाना खालाची देखरेख चालायची.

"बूसल्हाम, अरे, कोंडा की खीर? पोहायला सोडलंस का कोंबड्यांना?"

"खाला, तू ये ना मग कालवायला."

"मी आले तर लोक काय म्हणतील? या वयात नाव खराब करू होय?"

रात्रीच्या जेवणाच्या सुमारास तामोचा फोन यायचा. तिथे एका घरात आठ बायका, चूल एक. नंबर लागून जेवण होईपर्यंत बाहेर मिट्ट काळोख व्हायचा. मग ती फोन करायची. साधा बटणाचा फोन, चित्रबित्र काही नाही, नुसता आवाज. पहिला प्रश्न ठरलेला. "बुतैना, कशी आहेस गं?" बुतैना फोनकडे टकामका बघायची, एक शब्द बोलायची नाही. मग इकराम, मग झुहेर. आणि शेवटी बूसल्हामला, "माझ्या कोंबड्या?"

"मजेत."

"खुराड्याला रात्री खिळी घालता ना?"

"घालतो."

एकदा ती म्हणाली, "कंबर सरळ होत नाही हो. बोटं फुटलीत. डोळे मिटले की खुराडं दिसतं. परत आले की पहिलं तिथं जाऊन बसणार." तिचा आवाज ओला झाला होता. "बस ना, कोण नाही म्हणतंय," एवढंच तो म्हणाला.

मग गावात मानमोडी आली.

खालच्या आळीत सुरुवात झाली. कोंबडी एक दिवस गप्प बसते, दुसऱ्या दिवशी मान पिळवटते, तिसऱ्या दिवशी उताणी. ही खबर आली की आमच्या गावात एकच धावपळ उडते. आपोआप मेलेली कोंबडी हराम, ती कुत्र्यालाच घालायची. मरायच्या आत सुरी फिरवली तर हलाल, लेकरांच्या पोटात तरी जाते. म्हणून सगळे सुऱ्या पाजळतात. आजारी, धडधाकट, कुणी बघत नाही. दोन दिवसांत गावभर पिसंच पिसं आणि घराघरातून रश्शाचा वास. ईद असल्यासारखं, फक्त कुणी हसत नसतं.

बूसल्हामच्या खुराड्यात सकाळी एक मेलेली निघाली. मान वाकडी, डोळे उघडे. दुसरी एक कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. बाकीच्या दाणे टिपत होत्या. तो किती तरी वेळ तिथे उकिडवा बसला. कुणाला विचारावं? बायकांच्या राज्यातली गोष्ट, आणि त्याची बायको समुद्रापलीकडे. रस्त्याने जाणाऱ्याने हाक मारली, "अरे, बघत काय बसलास? संध्याकाळपर्यंत सगळ्या हराम होतील!"

त्याने सुरी आणली.

"बा, ही तर खातेय बघ," इकराम एकीला छातीशी धरून म्हणाली. "हिला काय झालंय? हिला नको."

"आज खातेय. उद्या मेली म्हणजे?"

"आणि नाही मेली म्हणजे?"

कोंबडी त्याने तिच्या हातातून घेतली. एकामागून एक, कोंबड्यासकट, सगळ्या. इकराम भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. संपलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत भरले होते आणि खांदे उचलत नव्हते. तेवढ्यात कुंपणापलीकडे मन्नाना खाला दारात आली, काखेत कोंबडी, हातात सुरी.

"बूसल्हाम, ये रे बाळा. माझ्या चौघींना मोकळं कर. सकाळपासून उभी आहे, सगळे पुरुष आपापल्या घरात अडकलेत."

"खाला, हात उचलत नाही गं. उद्या."

"उद्यापर्यंत राहतील का त्या?"

"उद्या येतो म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी बुतैनाला ताप भरला. त्या पोरीला खांद्यावर टाकून तो दवाखान्यात गेला, आणि मन्नाना खालाच्या कोंबड्या त्याच्या डोक्यातून पार निघून गेल्या.

रस्सा घरात तीन दिवस पुरला. शेजारीपाजारी द्यायचा म्हटलं तर ज्याच्या त्याच्या घरी तोच. पोरं मुकाट्याने जेवली.

पहिल्याच रात्री तामोचा फोन आला. सांगायचं त्याने ठरवलं होतं, खरंच. पण तिकडून आवाज आला तो इतका दमलेला, की याची जीभच वळेना. आज वाकून वाकून चक्कर आली, म्हणाली. बाकीच्या बायकांनी पाणी मारलं. आता ही बातमी तिच्या अंगावर टाकायची? ती सगळं टाकून निघून येईल, नाहीतर तिथेच कोलमडेल. तेवढ्यात झुहेरने फोन हिसकावून घेतला.

"यम्मा, यम्मा, तुझ्या कोंबड्या ना—"

इकरामने झडप घालून त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि फोनजवळ तोंड नेऊन, अंडं घातल्यावर कोंबडी कोकलते तसा हुबेहूब आवाज काढला. "कॉक कॉक कॉक कॉकॉऽऽक!"

तिकडे क्षणभर शांतता. मग तामो म्हणाली, "अगं बाई. अंडं घातलं वाटतं."

"हो," बूसल्हाम पटकन म्हणाला. "मोठं."

सुटलो, असं त्याला वाटलं. आणि मग तो रोजचा खेळच झाला. फोन वाजला की इकराम बाजूला सरकायची आणि कॉक कॉक. झुहेरला कोंबड्याचा हुद्दा मिळाला. इकरामचा घसा बसला त्या दिवशी बूसल्हामने स्वतः दारामागे उभं राहून मान वर करून दोन कोंबड्यांचं भांडण करून दाखवलं. झुहेर हसता हसता लोळला. इकराम हसली. बूसल्हामलाही हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी. बुतैना तेवढी गंभीरपणे बघत बसायची. एक दिवस मात्र फोनमधून "बुतैना, कशी आहेस गं?" आलं आणि त्या न बोलणाऱ्या पोरीने तोंड उघडलं, "कॉक."

कुंपणापलीकडून मन्नाना खाला ओरडली, "बूसल्हाम! अंडं घातलंस का रे? घातलं असशील तर दे मला, बसवते!"

फोन झाल्यावर ती कुंपणाशी आली तेव्हा मात्र थट्टा करत नव्हती. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाळा. जूनमध्ये ती घरी येणार, तेव्हा काय झाकशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू, खाला."

"आणि एक बघ." तिने पाठीमागून डालगं पुढे केलं. आत उघड्या मानेची तांबडी कोंबडी. मान एका बाजूला कललेली, पण डोळा तरतरीत. "तू उद्या येतो म्हणालास, तो आलासच नाहीस. तिघी मेल्या. ही वाकडी झाली, दोन दिवस पडून होती, आणि उठून दाणे टिपायला लागली. तुझ्या आळसाने जगली."

बूसल्हाम त्या कोंबडीकडे बघत राहिला. म्हणजे आपल्यातल्याही एकदोन जगल्या असत्या. इकरामच्या छातीशी होती ती तर नक्की. ती तर खात होती. त्याला आतून लाज वाटली.

"ही मला दे, खाला. पाया पडतो. बदल्यात काय हवं ते माग."

"तुला? मुळीच नाही. तुझ्या हातात सुरी आली की तुला थांबता येत नाही. द्यायचीच तर तामोच्या हातात देईन. आणि तीही खुडूक झाल्यावर."

"कोंबडा कुठाय गावात, अंडी फळायला?"

"त्याची काळजी तू करू नकोस. कोंबडा मिळेल कुणाच्या तरी माहेराहून. बायका बघतील," म्हणून ती डालगं घेऊन आत गेली.

जूनमध्ये तामो आली. बूसल्हाम गाडी घेऊन हमरस्त्याला गेला. बसमधून उतरली तर त्याने आधी ओळखलंच नाही. काळवंडलेली, गालफडं बसलेली, हातात मोठं ब्लँकेट आणि पिशवीभर चॉकलेटं. लेकरं धावली. इकराम आणि झुहेर तिच्या अंगावर लोंबकळले. बुतैना मात्र बापाच्या पायामागे लपली.

"ये ना गं," तामोने हात पुढे केले.

बुतैनाने भोकाड पसरलं. तामोने हात मागे घेतले आणि चॉकलेटाच्या पिशवीची गाठ सोडण्यात खूप वेळ लावला. बूसल्हामने गाढवाच्या पाठीकडे बघत वाट काढली. मनात वाक्यं जुळवली होती ती सगळी विस्कटली.

घरी आल्यावर ती म्हणाली होती तसंच झालं. पिशवी टाकली आणि पहिली खुराड्यापाशी गेली. रिकामं खुराडं. पाण्याचा डबा कोरडा. बूसल्हाम मागे उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून गेला. मानमोडी, सुरी, इकरामच्या हातातली ती, सगळं. "मी तुझ्या आईचं काही राखलं नाही," म्हणाला.

तामो फक्त "हं" म्हणाली. खुराड्यापाशी बसली, चपला काढल्या आणि सुजलेले पाय पसरले. ना शिव्या, ना रडणं. रागवायचंही त्राण उरलं नाही हिच्यात, असं त्याला वाटलं, आणि त्या नुसत्या 'हं'ने तो अर्धा झाला.

दिवस कलताना मन्नाना खाला आली. काखेत वाकड्या मानेची तांबडी, हातातल्या डालग्यात चिवचिवणारी सहा पिल्लं. "घे बाई. ही तुझ्या आईची. पिल्लांचा बाप परगावचा आहे, पण बघ, दोघांच्या माना उघड्या निघाल्या." मग बूसल्हामकडे हनुवटी करून, "आणि हा दिवटा त्या दिवशी दमला नसता तर हीसुद्धा रश्शात गेली असती. पुरुषाचं दमणं कधी कधी उपयोगी पडतं."

तामोने कोंबडी मांडीवर घेतली. तिच्या वाकड्या मानेवरून फुटलेल्या बोटांनी हात फिरवला, आणि तेव्हा कुठे ती रडली. कोंबडी मुकाट बसून राहिली. हळूहळू अंधार पडला. खालाने निरोप घेतला. कोंबडी आणि पिल्लं खुराड्यात गेली, एकमेकांना बिलगून गप्प झाली. लेकरं अंगणात चटईवर, बुतैना बापाच्या मांडीवर. दिवा लावायला कुणी उठलं नाही, सगळेच दमलेले.

अंधारात कुणाचं तोंड दिसत नव्हतं. तामोने सवयीनेच विचारलं, "बुतैना, कशी आहेस गं?"

चटईवरून आवाज आला, "कॉक कॉक कॉक कॉकॉऽऽक!"

आणि ती दोन वर्षांची पोर बापाच्या मांडीवरून उतरली, आवाजाच्या दिशेने रांगत गेली आणि आईच्या कुशीत शिरली.

तामोने तिला अशी घट्ट धरली की पोर कुरकुरली. मग ती हसायला लागली. रडत होती आणि हसत होती. "अहो," ती म्हणाली, "अंधार पडल्यावर कोंबडी कधी कोकलते का हो? झाकड पडली की कोंबडी आंधळी. खुराड्यात काय चाललंय बघा ना. चिडीचूप."

बूसल्हामने खुराड्याकडे बघितलं. आतून हूं नाही की चूं नाही.

"म्हणजे तुला..."

"पहिल्याच दिवशी कळलं. खाटेवर तोंड दाबून रडले."

"मला पण माहीत होतं," इकराम अंधारातून हळूच म्हणाली. "अंधारात कोंबडी कोकलत नाही ते दुसऱ्या दिवशी आठवलं. पण बा तेवढाच वेळ हसायचा."

बूसल्हाम खुराड्याकडून तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "मग तू बोलली का नाहीस, तामो? एवढे दिवस मी चोरासारखा..."

"बोलले असते तर तुम्ही थांबला असता," तामो म्हणाली. "दिवसभर वाकून यायचे, नंबर लावून जेवायचे, आणि तुमच्या आवाजाची वाट बघत बसायचे. आठही जणी यायच्या ऐकायला. आज कुणी अंडं घातलं, म्हणायच्या." तिने बुतैनाला मांडीवर सावरून घेतलं आणि भिंतीला पाठ टेकली. "ते दोघींचं भांडण करायचात ना तुम्ही, ते करा की एकदा."

बूसल्हाम म्हणाला, खूप दमलोय गं. आणि मग त्याने मान वर केली.